पाण्याशेजारचा महाल

अंबरनाथजवळच्या पालेगावच्या शिवारात गेल्या काही वर्षांत मोठी गृहसंकुले उभी राहिली. अशा संकुलांच्या जाहिरातींत दोन गोष्टी हमखास दिसतात. एक पोहण्याचा तलाव आणि दुसरे, त्याच्या काठचे क्लबहाऊस. ही हौस परदेशातून आली, असे आपण समजतो. पण पाण्याला खेटून बसण्या-उठण्याची जागा बांधणे आपल्याकडे फार जुने आहे.

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, फराहबाग पाहा. सोळाव्या शतकात निजामशाहीने एका मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली महाल बांधला. पाणी दुरून नळांनी आणले होते. चारी बाजूंनी पाणी असले की उन्हाळ्यात वारा गार होऊन आत येणार, हा हिशेब. पुढे राज्य गेले, नळांची देखभाल थांबली, तलाव आटला. महाल मात्र कोरड्या खळग्यात उभा राहिला.

आता साताऱ्याजवळच्या लिंब गावी चला. तिथे बारा मोटांची विहीर आहे. शिलालेखाप्रमाणे ती वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधली. साताऱ्यात तेव्हा छत्रपती शाहू महाराजांचे राज्य होते. विहीर अष्टकोनी, व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११० फूट. शेजारी दुसरी लहान विहीर आणि दोहोंच्या मध्ये चक्क एक छोटा महाल! रुंद पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलो की कोरीव खांब दिसतात. बाहेर ऊन रणरणत असले तरी आत गारवा असतो, कारण तिन्ही बाजूंना जमीन आणि खाली पाणी.

पण ही विहीर केवळ ऐषारामासाठी नव्हती. वर एकूण १५ मोटांची सोय आहे. त्यांपैकी १२ एका वेळी चालत, म्हणून हे नाव. बैल धावेवरून उतरत, मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने आमराईला जाई. महालाखालचे पाणी झाडांच्या कामाचे होते. म्हणूनच ते जपलेही गेले. आज मोटा नाहीत, पण विहिरीत पाणी आहे.

अंबरनाथकरांना हे नवे वाटू नये. शके ९८२, म्हणजे १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरूनच जावे लागते आणि शेजारून वालधुनी वाहते. हीच वालधुनी कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने काळवंडली. इथल्या वसाहतींना पाणी पुरवणाऱ्या बारवी धरणाची उंची वाढवताना गावे उठवावी लागली. तेव्हा तलावाकाठी आरामखुर्ची टाकणाऱ्याने दोन प्रश्न विचारायला हवेत. हे पाणी कुठून आले? आणि उपसल्यावर कुठे जाणार?

गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत साठवता येते, गाळलेले पाणी बागेला देता येते, गावच्या जुन्या विहिरींचा गाळ काढता येतो. यासाठी लागणारी अक्कल नवी नाही. लिंबच्या गवंड्यांना ती तीनशे वर्षांपूर्वीच होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)