युद्धावर गेलेल्या दोन आगबोटी : ‘पार्वती’ आणि ‘प्रभावती’

कोकण किनाऱ्यावरील ज्या घराण्यांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर चालत आला, त्यांस आगबोटींची नावे आप्तेष्टांच्या नावांइतकीच परिचयाची असत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बुडाली व ६०० हून अधिक माणसे गेली, ही हकिगत आजही घरोघरी सांगितली जाते. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ व ‘तुकाराम’ वादळात बुडाल्या, तेही विस्मरणात गेलेले नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धात सरकारने ताब्यात घेतलेल्या व परत न आलेल्या बोटींची आठवण आपल्यांत कोणी काढीत नाही. त्यांतील दोन बोटींचा वृत्तान्त येथे थोडक्यात देत आहे.

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीपाशी अवघ्या ८ युद्धनौका होत्या. एवढ्या बळावर मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतच्या बंदरांचे रक्षण होणे अशक्य होते. नव्या नौका बांधून घेण्यास अवधी नव्हता. म्हणून सरकारने व्यापारी आगबोटी ताब्यात घेण्यास आरंभ केला. काल ज्या बोटीत माल चढत होता, तिच्यावर तोफ बसे, पाणबुड्यांवर टाकावयाचे स्फोटके भरलेले पिंप ठेवले जाई, आणि ती गस्तीस निघे. नाव मात्र बहुधा पूर्वीचेच राही, त्यामागे ‘एच. एम. आय. एस.’ ही अक्षरे तेवढी लागत. परंतु रंग बदलल्याने बोटीचे पोलाद जाड होत नाही. व्यापाराकरिता बांधलेली ही तरांडी युद्धाचे आघात सोसण्याजोगी नव्हती.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि तांबड्या समुद्रातील वाटेस धोका उत्पन्न झाला. त्या मोहिमेत हिंदी नौदलाच्या युद्धनौकांबरोबर ‘पार्वती’ही होती. ८ एप्रिल १९४१ रोजी मसावा बंदर पडले. पण दक्षिणेकडील असाब अद्याप इटालियनांच्याच हाती होते, आणि त्या पाण्यात सुरुंग पेरलेले होते. ३० एप्रिल रोजी असाबनजीक ‘पार्वती’ सुरुंगावर जाऊन बुडाली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत असाबही पडले.

‘प्रभावती’ची कथा याहून दुःखद आहे, कारण तिजवर शत्रूने हल्ला केलाच नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर घाला घातला व हिंदी महासागरात एकच धास्ती पसरली. त्याच आठवड्यात ‘प्रभावती’ दोन पडाव ओढीत अरबी समुद्रातून कराचीकडे चालली होती. रात्रीच्या वेळी ती त्या पडावांच्या लगत असता ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरच्या दृष्टीस पडली. बोट व पडाव यांची ती एकवटलेली ठेंगणी आकृती पाहून, जपानी पाणबुडीच वर आली आहे असा क्रूझरवरील अधिकाऱ्यांचा समज झाला. सुमारे ६,००० यार्डांवरून सहा इंची तोफा सुटल्या व ‘प्रभावती’ नष्ट झाली. ज्या पक्षाच्या सेवेत ती होती, त्याच पक्षाच्या हातून तिचा अंत झाला.

या हकिगती आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, युद्धापूर्वी हिंदी नौदलाची भरती मुख्यत्वे रत्नागिरी जिल्ह्यातून होई. कोकणी मुसलमान बांधवांचा तीत मोठा वाटा असे. व्यापारी बोटींवरही सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी व आगवाले म्हणून आपल्या किनाऱ्यावरचे लोक कष्ट करीत. युद्धाचे इतिहास नौकांची नावे देतात, कप्तानांची देतात. भट्टीपुढे कोळसा ओढणाऱ्याचे नाव त्यांत क्वचितच आढळते.

तथापि ती नावे सर्वस्वी लुप्त झालेली नाहीत. अविभक्त हिंदुस्थानच्या नौदलातील व व्यापारी बोटींवरील सहा हजारांहून अधिक मृत खलाशांची स्मृती मुंबई व चितगाव येथील स्मारकांत जतन केली आहे. मुंबईचे स्मारक मशीद बंदर येथील खलाशांच्या वसतिगृहात आहे. आपल्यापैकी किती जण तेथे जाऊन आले आहेत?

ज्ञातिबांधवांस विनंती एवढीच की, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची नळी, एखादे पदक वा पेन्शनचा कागद असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये. त्यावरील बोटीचे नाव व साल उतरवून मंडळाकडे धाडावे. पुढील स्मरणिकेत अशी दहा नावे जरी छापता आली, तरी पूर्वजांच्या ऋणातून आपण अंशतः मुक्त होऊ.