पत्त्यांच्या डावातून अणुभट्टीच्या गाभ्यात

१/ १९४६ साल. मेंदूच्या गंभीर आजारातून सावरणारे गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम एकट्यानेच पत्ते लावत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती? सूत्राने उत्तर मिळेना. मग विचार सुचला : शंभर डाव मांडावेत आणि सुटलेले मोजावेत!

२/ न्यूट्रॉनचेही असेच असते. युरेनियममध्ये तो किती अंतर जाईल, आदळून दिशा बदलेल, शोषला जाईल की अणुकेंद्र फोडून नवे न्यूट्रॉन मुक्त करील, हे संभाव्यतेवर ठरते.

३/ मार्च १९४७ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी रॉबर्ट रिक्टमायर यांना पत्राने आराखडा कळवला. प्रत्येक टप्प्यावर यादृच्छिक संख्या घ्यायची, तिच्यावरून न्यूट्रॉनचे पुढचे पाऊल ठरवायचे आणि अशा असंख्य प्रवासांची सरासरी काढायची. निकोलस मेट्रोपोलिस यांनी पद्धतीला जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणाचे नाव सुचवले : माँटे कार्लो.

४/ १९४८ मध्ये एनिॲक संगणकावर ही गणिते झाली. हेतू अण्वस्त्रांचा होता. आज्ञावली रचण्यात क्लारा फॉन नॉयमन यांचा मोठा वाटा होता.

५/ १९४९ च्या प्रसिद्ध शोधनिबंधावर मात्र लेखक म्हणून मेट्रोपोलिस आणि उलाम ही दोनच नावे आहेत.

६/ पुढे हीच पद्धत अणुभट्ट्यांकडे वळली. इंधनाची मांडणी बदलली किंवा नियंत्रक दांडे आत सरकवले, तर साखळी अभिक्रिया टिकेल की विझेल, हे आज भट्टी पेटवण्यापूर्वीच संगणकावर पाहता येते. त्या गणनेच्या मुळाशी क्लारा यांचे श्रमही आहेत.