मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन कधी झाली?

"मामा, मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन कधी झाली रे?"

भाचा बारा वर्षांचा आहे. वसईत राहतो, रविवारी सकाळी चिमाजी अप्पा मैदानावर फुटबॉल खेळून येतो आणि आल्या आल्या चिखलासकट सोफ्यावर बसतो. (त्यावरून त्याच्या आईचं आणि त्याचं जे काही होतं तो स्वतंत्र विषय आहे.) शाळेत कसलीशी क्विझ होती म्हणे. मी बेधडक सांगितलं, "२००६." त्याने मोबाईल काढला, दोन सेकंदांत उत्तर शोधलं आणि मला वेड्यात काढलं. "२०२१. मुंबई सिटी. हे बघ, इथे लिहिलंय."

गंमत अशी की आम्ही दोघंही बरोबर होतो. आणि आम्ही दोघंही बरोबर असू शकतो यातच भारतातल्या फुटबॉल लीगचा सगळा इतिहास आला. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू.

सुरुवात १९९६ पासून. त्याआधी आपल्याकडे फुटबॉल नव्हता असं मुळीच नाही. उलट फार जुना होता. कलकत्त्याची लीग होती, दिल्लीत ड्युरँड होता, मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप होता. पण या सगळ्या एकतर स्थानिक लीग किंवा बाद पद्धतीच्या स्पर्धा. म्हणजे गावात सर्कस येते तशा दोन-तीन आठवडे यायच्या आणि जायच्या. देशभरातले क्लब घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आळीपाळीने खेळतायत, गुणतक्ता महिनोनमहिने हलतोय, असं काही नव्हतं. ते १९९६ च्या डिसेंबरात सुरू झालं, नॅशनल फुटबॉल लीग या नावाने. पहिल्या हंगामात बारा संघ होते. विजेता ठरला पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी. त्यांच्याकडून वीस वर्षांचा बायचुंग भुतिया खेळत होता आणि सगळ्यात जास्त, १४ गोल त्याचेच होते.

ही लीग अकरा हंगाम चालली. विजेत्यांची यादी बघितली तर मजा कळते. मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा, गोव्याचे साळगावकर एकदा आणि डेंपो दोनदा. म्हणजे अकरापैकी नऊ वेळा कलकत्ता किंवा गोवा. उरलेल्या दोनांत एक तो जेसीटी आणि दुसरा २००५-०६ चा महिंद्रा युनायटेड.

महिंद्रा म्हणजे आपल्या मुंबईचाच. कंपनीचा संघ म्हणून १९६२ साली सुरू झालेला; 'महिंद्रा युनायटेड' हे नाव २००० साली मिळालं. प्रशिक्षक डेरिक परेरा. त्याच हंगामात त्यांनी फेडरेशन कपही जिंकला होता, म्हणजे रीतसर दुहेरी मुकुट. घरचं मैदान कूपरेज. विरार लाइनवाल्यांना कूपरेज म्हणजे एकदम सोयीचं. चर्चगेट फास्ट पकडायची, शेवटच्या स्टेशनला उतरायचं, ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जायचं. सामने बहुतेक दुपारी. त्यामुळे प्रेक्षक कोण, तर सुट्टी असलेले, सुट्टी टाकलेले आणि ऑफिसात 'साइटवर जाऊन येतो' सांगून सटकलेले. देशाचा चॅम्पियन संघ फोर्टातल्या ऑफिसांपासून चालत जाण्याच्या अंतरावर खेळत होता आणि त्या ऑफिसांतल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता.

मग २००७ आलं. फेडरेशनने ठरवलं की ही लीग पुरेशी 'प्रोफेशनल' नाही. नाव बदललं, आय-लीग झालं, मोजणी पुन्हा पहिल्या हंगामापासून.

माझ्या धंद्यात याला एक ओळखीचा प्रकार आहे. जुना कोड चालतोय, पण कुणाला आवडत नाहीये. नवा मॅनेजर येतो आणि म्हणतो, दुरुस्ती नको, सगळं परत पहिल्यापासून लिहू. पहिले सहा महिने सगळे खूश असतात. मग कळतं की जुन्या कोडमध्ये ज्या अडचणी होत्या त्या कोडच्या नव्हत्याच, धंद्याच्या होत्या. त्या नव्यातही तशाच येऊन बसतात. फक्त मधल्या मधे जुना डेटा गेलेला असतो.

आय-लीगचं नेमकं हेच झालं. पहिले सहाच्या सहा हंगाम गोव्याच्या क्लबांनी जिंकले (डेंपो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक). पण मूळ दुखणं कायम होतं, ते म्हणजे क्लबकडे पैसे येणार कुठून. तिकिटांतून फारसं काही नाही. टीव्हीचं म्हणाल, तर फेडरेशनने झी स्पोर्ट्सशी दहा वर्षांचा करार केला होता, तो अर्ध्यातच, २०१० मध्ये मोडला. म्हणजे क्लब चालणार मालक कंपनीच्या मर्जीवर. आणि कंपनीची मर्जी म्हणजे काय ते आपण नोकरदार मंडळींनी वेगळं सांगायला नको! एखाद्या तिमाहीत कुणीतरी एक्सेल उघडतं आणि विचारतं, ही ओळ कशासाठी आहे?

महिंद्राच्या बाबतीत ती ओळ २०१० मध्ये खोडली गेली. २००९-१० चा हंगाम संपला आणि संघ बंद. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, जेसीटीनेही संघ मोडला. टीव्हीवर दिसतच नाही तर खर्च कशासाठी, असा त्यांचा सूर होता. आता वरची यादी पुन्हा आठवा. अकरा वर्षांत कलकत्ता-गोव्याबाहेरचे जे दोनच चॅम्पियन झाले, ते दोन्ही लागोपाठच्या वर्षांत नाहीसे झाले.

२००९-१० च्या आय-लीगमध्ये १४ संघ होते आणि त्यातले चार महाराष्ट्रातले, हे आज सांगून खरं वाटणार नाही. महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. पहिला महिंद्रा गेला. एअर इंडियाला २०१२-१३ नंतर क्लब लायसन्सिंगच्या अटींवर बाहेर काढलं, सोबत ओएनजीसीलाही. पुणे एफसी त्याच २०१२-१३ मध्ये उपविजेता होता, तो २०१५ मध्ये बंद झाला. राहिला मुंबई एफसी.

मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झाला आणि फारसा कुणाचा लाडका वगैरे कधी नव्हता. पण त्याचा एक प्रशिक्षक होता, खालिद जमील. आधी महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला. २००९ पासून सात वर्षं त्याने हा संघ कमी पैशांत, कूपरेजचं नूतनीकरण चालू असताना पुण्याच्या बालेवाडीत 'घरचे' सामने खेळत, दरवर्षी खाली घसरण्यापासून वाचवला. २०१६ मध्ये क्लबने त्याला सोडलं. तो मिझोरमला गेला, ऐझॉल एफसीकडे, आणि २०१६-१७ ला ऐझॉलला चक्क आय-लीग जिंकून दिली. ईशान्य भारतातला पहिला चॅम्पियन! त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटून पहिला आला, खालच्या श्रेणीत गेला आणि मग गाशाच गुंडाळला. २०१७-१८ ची आय-लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात मुंबई-पुण्याचा एकही क्लब नव्हता.

तोपर्यंत 'तिसरं व्हर्जन' आलं होतं. फेडरेशनने २०१० च्या डिसेंबरात आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला, आणि त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ फ्रँचायझी, नट, क्रिकेटपटू, परदेशी म्हातारे स्टार. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये झालेल्या उद्घाटनाच्या सामन्यात मुंबई सिटी ३-० ने हरली. पण आठवड्याभरात घरच्या पहिल्याच सामन्यात पुण्याला ५-० ने धुतलं. (मुंबई-पुणे वादात आयता दारूगोळा. पुणेकर मित्रांनी हलकंच घ्यावं :) )

फक्त ते 'घर' होतं नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. वसईहून नेरूळ! गाडी बदला, पूल चढा, पुन्हा गाडी बदला. जाणं एक वेळ जमेल, रात्री सामना सुटल्यावर परत येणं म्हणजे दिव्य. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या मैदानावर आला तेव्हा आम्ही विरार लाइनवाल्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. (अंधेरीला रात्री विरार गाडीत चढणं हा खेळ फुटबॉलपेक्षा जास्त शारीरिक आहे, पण त्याची आम्हाला सवय आहे.)

सुपर लीगने एक गोष्ट मान्य करायलाच हवी अशी केली. लोक आले, टीव्हीवर नीट दिसलं, मैदानं सुधारली, खेळाडूंना बरे पैसे मिळायला लागले. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. आणि मग यशही आलं. २०२०-२१ ला लीग शील्ड आणि कप दोन्ही, २०२२-२३ ला शील्ड, २०२३-२४ ला कप. मध्ये २०२२ ला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. तिथे सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब.

आता इथे एक दुखरी गोष्ट. २०२०-२१ चा अख्खा हंगाम कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. २०२३ ची शील्डही पक्की झाली ती फातोर्ड्यातच. २०२४ चा कप सॉल्ट लेकमध्ये. म्हणजे चारही वेळा मुंबई चॅम्पियन झाली ती मुंबईच्या बाहेर. आपण टीव्हीवर बघितलं, स्टेटस टाकलं, झोपलो.

आणि मागे वळून बघायला तर काहीच नाही. सुपर लीगच्या आकडेवारीत २०१४ च्या आधीचं जगच नाही. महिंद्राची २००६ ची ट्रॉफी मुंबई सिटीच्या खात्यात जाऊ शकत नाही, ते बरोबरही आहे, कारण तो वेगळा क्लब. मग ती कुणाच्या खात्यात? कुणाच्याच नाही.

कलकत्त्यात असं का होत नाही? तिथेही पैसा बाहेरचाच आहे. पण मोहन बागान १८८९ चा आणि ईस्ट बंगाल १९२० चा. दोन्ही मुळात सभासदांचे क्लब. २०२० मध्ये मोहन बागान सुपर लीगमध्ये येताना नावापुढे 'एटीके' लागलं. लोकांनी तीन वर्षं बोंबाबोंब केली, आणि २०२३ मध्ये ते काढावं लागलं. लीगची नावं दोनदा बदलली तरी त्यांची मोजणी तुटली नाही, कारण मोजणारी माणसं तीच होती. मुंबईत महिंद्रा बंद झाला तेव्हा बोंब मारायला कोण होतं? गोव्याचीही तीच गत झाली. डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीग सोडून गेले. पण त्यांच्यामागे निदान गोव्याची स्वतःची लीग होती. डेंपो त्या वाटेने पुढे आय-लीगमध्ये परतलासुद्धा.

हे सगळं जुनं दुखणं उगाळतोय असं वाटेल, पण नाही. तो १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला. त्याआधीच जुलैत पुढचा हंगाम लटकला, क्लबांनी सराव थांबवले, पगारांचे वांधे झाले. डिसेंबरातच सिटी ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. तीच एक्सेलची ओळ, फक्त यावेळी एक्सेल मँचेस्टरमध्ये उघडलेलं. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये हंगाम सुरू झाला, तोही कापून छोटा केलेला.

या सगळ्यातून एकच धागा अखंड राहिलाय, आणि तो क्लबचा नाही, माणसाचा आहे. महिंद्रात खेळलेला, मुंबई एफसीला सात वर्षं तगवणारा खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताचा प्रशिक्षक झाला. मुंबईच्या फुटबॉलची स्मृती बहुतेक अशीच माणसांच्या डोक्यात राहते, कपाटात नाही.

आमच्या वसईच्या पट्ट्यात, पापडी-निर्मळ-नंदाखालकडे, वर्ल्ड कपला गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. आणि रविवारी गावागावांच्या टीम्स खेळतात, तेव्हा वर्गणी काढून शिवलेल्या जर्सीवर गावाचं नाव असतं. या टीम्स कुठल्याच लीगच्या तक्त्यात नाहीत. पण एखाद्या तिमाहीत कुणी एक्सेल उघडून त्या बंद करू शकत नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं (थोडक्यात, सोफा पुसता पुसता). त्याने शांतपणे ऐकून घेतलं. क्विझमध्ये तो २०२१ च लिहिणार, मार्क त्यालाच मिळणार. मग म्हणाला, "पण मामा, त्या महिंद्राचे जे फॅन होते, ते आता कोणाला सपोर्ट करतात?"

मी म्हटलं, "घरी बसून मँचेस्टर बघतात."

त्याला तो जोक वाटला. असो.