पिठ्ठूत मावणारी गळाची काठी

गळ टाकणाऱ्या फौजी मंडळींत एक वाद कायम रंगतो. प्रवासाला न्यायची काठी किती तुकड्यांची असावी? एकसंध काठी सगळ्यांत चांगली, हे सगळेच मान्य करतात. पण ती रेल्वेच्या बर्थखाली जात नाही, जीपमध्ये आडवी बसत नाही आणि पाठीवर घेतली की जंगलात प्रत्येक फांदीत अडकते. मग दोन तुकडे, चार, सहा, की दुर्बिणीसारखी आतल्या आत सरकणारी?

सध्या माझा मुक्काम होसकोट्याला आहे. बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचं हे गाव. सुट्टीला पिठ्ठू पाठीवर टाकून निघणारे तरुण अधिकारी मला हाच प्रश्न विचारतात. उत्तर दोन वाक्यांत देता येतं, पण या प्रश्नाला पाचशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक धागा थेट पुण्याच्या मुळा-मुठेत जातो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गावाबद्दल. होसकोटे म्हणजे ‘नवा किल्ला’. मराठी माणूस इथे नवा नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बेंगळुरू, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होतं. पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, ऑगस्ट १७६८ मध्ये, गुत्तीच्या मुराररावांची म्हणजे घोरपड्यांची छावणी इथे पडली होती. हैदर अलीने त्या छावणीवर रात्री छापा घातला आणि तो परतवला गेला. गावाचा मोठा तलाव दक्षिण पिनाकिनीच्या पाण्यावर आहे. ही नदी नंदीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे तमिळनाडूत जाते. हल्ली त्या तलावावर गळापेक्षा दुर्बिणी जास्त दिसतात, कारण पक्षी बघायला शहरातून माणसं येतात.

आता काठी. सुटी करून नेता येणाऱ्या काठीचं सविस्तर वर्णन १४९६ मध्ये इंग्लंडात छापलेल्या गळाच्या एका पुस्तिकेत सापडतं. ती जूलियाना बर्नर्स नावाच्या बाईंच्या नावावर सांगितली जाते. त्यात जाड बुडख्याची काठी आतून पोकळ करायची आणि वरचे बारीक तुकडे तिच्यात लपवायचे, अशी कृती दिली आहे. पाहणाऱ्याला वाटावं, माणूस साधी चालायची काठी घेऊन निघाला आहे! म्हणजे आज आपण ज्याला ‘ट्रॅव्हल रॉड’ म्हणतो, ती कल्पना पानिपतच्या पहिल्या लढाईच्याही तीस वर्षं आधीची.

आपल्याकडेही गळाची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० मध्ये ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खाऊ घालायचं आणि त्याला गळाला कसं लावायचं, याचा विचार त्यात आहे. पण राजाला काठी पाठीवर वाहायची नव्हती. ती अडचण शिपायाची.

कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होई आणि सामान बैलावर किंवा उंटावर जाई. त्यामुळे त्यांना तुकड्यांची काठी लागायची. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि ते मंगळूरला छापलं. पुढची काही दशकं ते इथल्या गळवाल्यांची गीताच होतं. खास तलावांतल्या मासेमारीवर त्याने १८८७ मध्ये आणखी एक पुस्तक काढलं.

तेव्हाच्या काठीची खरी डोकेदुखी होती तिचा सांधा. लाकडाच्या किंवा बांबूच्या दोन तुकड्यांना पितळी नळ्या बसवायच्या आणि एक नळी दुसरीत घालायची. इंग्रजीत त्याला ‘फेरूल’ म्हणतात. बांबू वाकतो, पितळ वाकत नाही. त्यामुळे काठीवर ताण आला की वाक सांध्यापाशी येऊन अडतो आणि काठी नेमकी नळीच्या कडेला मोडते. शिवाय प्रत्येक नळीचं वजन वेगळं. म्हणून जुन्या लोकांचा नियम सोपा होता: तुकडे जितके कमी, तितकं बरं. १९ व्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत बांबूच्या पट्ट्या तासून चिकटवलेल्या काठ्या निघाल्या. पुढे हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांच्या काठीला नाव मिळवून दिलं आणि नळीत पाणी शिरू नये म्हणून सुधारणा केल्या. काठी हलकी झाली, तरी धातूचा सांधा तसाच राहिला.

तो गेला दुसऱ्या महायुद्धानंतर. आधी काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, पोकळ काठ्या आल्या. पोकळ नळीचा एक तुकडा सरळ दुसऱ्यावर चढवता येतो, मग पितळ कशाला? १९६० च्या दशकात हे सांधे रूढ झाले. त्याच दशकात फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत ब्रिटिशांनी मजबूत कार्बनतंतू तयार करण्याची रीत शोधली. हेतू विमानाचा होता, पण १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेनविक कंपनीने त्याची गळाची काठी बाजारात आणली. आपल्या तेजस विमानाच्या सांगाड्यातही कार्बनतंतूचा मोठा वाटा आहे आणि ते विमान होसकोट्याच्या शेजारीच, बेंगळुरूत, एचएएलमध्ये बनतं. एकाच कुळातली सामग्री आकाशात आणि पिठ्ठूत!

यावरून आजचं उत्तर सोपं होतं. सांध्यात धातू नाही, म्हणून तुकडे वाढवले तरी काठी फारशी बिघडत नाही. आठ फुटी काठी चार तुकड्यांची असेल तर बांधल्यावर साधारण दोन फुटांहून थोडी जास्त भरते आणि पिठ्ठूच्या बाजूला उभी बसते. सहा तुकड्यांची दीड फुटाच्या आत येते आणि पिठ्ठूच्या पोटात जाते. माझी पसंती चाराला. सांधे तीनच, जोडायला सोपी आणि अंधारात चुकायची भीती कमी. दिवसभर चालायचं असेल आणि जंगल दाट असेल, तरच सहा. आत सरकणारी काठी खिशात मावते खरी, पण तिच्यात वाळू गेली की ती अडकते आणि टोक फार नाजूक असतं. तळ्याकाठी लहान माशांसाठी ती ठीक, नदीच्या धारेत नको.

घेताना सांधा हाताने जुळवून पाहा. तुकडा पूर्ण बसल्यावर दोन भागांच्या मध्ये किंचित फट राहिली पाहिजे. वापरून सांधा झिजतो, तेव्हा ती जागा उपयोगी पडते. जोडताना शेंड्याकडून सुरुवात करा. दोर जाणाऱ्या कड्या धरून पिळू नका, त्या उखडतात. ओली काठी नळीत बंद करून ठेवू नका. कार्बन वीज वाहतो, म्हणून विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना काठी उभारायची नाही. ही गोष्ट जवानांना मी दोनदा सांगतो.

इथपर्यंत काठीचा इतिहास. आता माशाचा, कारण दक्षिणेत ही काठी महाशीरसाठीच वाहिली जाते.

खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना मुठेच्या पाण्याशी आमचा रोजचा संबंध. त्या नदीचं एक देणं मला फार उशिरा कळलं. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई फौजेचा अधिकारी. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता. पुढे सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. त्याने इथले पक्षी पाहिले, मासे पाहिले आणि १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरचं वर्णन प्रसिद्ध केलं. लॅटिन नावात त्याने इथलं मराठी नावच बसवलं: खुद्री. आजही शास्त्रात तो ‘टॉर खुद्री’ आहे.

कावेरीतला महाशीर वेगळा. पाठीवर उंचवटा, पर नारिंगी आणि देह प्रचंड. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, मासा काढला. पुढे धरणं आली, सुरुंग लावून मासेमारी झाली आणि हा मासा संपला असं लोक धरून चालले. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण कावेरीवर आले आणि तो अजून आहे हे त्यांनी दाखवलं. नदीकाठी गळाचे तळ उभे राहिले. मासा पकडायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचा, हा तिथला नियम.

त्याच सुमारास लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महाशीरची पैदास सुरू झाली होती. तिथली पिल्लं देशातल्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण ती पिल्लं होती खुद्रीची. पुण्याकडचा मासा कावेरीत वाढला आणि तिथला मूळ मासा मागे पडला.

हे कळलं कसं? सरकारी पाहणीतून नाही, गळवाल्यांच्या वह्यांतून. कावेरीच्या गालिबोरे तळावर १९९८ ते २०१२ या काळात किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला आणि किती वजनाचा होता, याची नोंद ठेवली जात होती. संशोधकांनी ती तपासली. खुद्री वाढत होता, उंचवट्याचा महाशीर वर्षागणिक कमी होत होता. नव्याने लागणारी पिल्लं तर जवळजवळ नाहीतच. २०१८ मध्ये त्या माशाला ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव निश्चित झालं आणि अतिसंकटग्रस्त हा शिक्काही बसला. कावेरीच्या इतक्या मोठ्या माशाला नाव मिळालं, तेव्हा त्याचा शेवट जवळ आला होता.

आपण फौजी लोक सामानाची यादी पक्की करतो. त्या यादीत माझ्या मते काठीइतकीच एक छोटी वही हवी. साइक्स शिपाईगडी होता, पण त्याचं नाव टिकलं ते नोंदींमुळे. गळ टाकण्याआधी परवानगी विचारा. अभयारण्यात गळ टाकायला मनाई आहे आणि बहुतेक तलावांचा मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमारांकडे ठेक्याने असतो. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. गळ काटा नसलेला वापरा, मासा ओल्या हाताने धरा आणि लवकर सोडा. कुठल्याही पाण्यात बाहेरचा मासा सोडू नका, मग तो आपल्या गावचा का असेना.

आणि वहीत लिहा: तारीख, जागा, किती तास बसलो, काय लागलं. काही लागलं नाही तर तेही लिहा. गालिबोरेच्या वह्यांत रिकामे तास धरले होते, म्हणूनच मासा कमी होतोय हे दिसलं.

काठी चार तुकड्यांची घ्या. वही कोणतीही चालेल.