येरवड्याचे गालिचे

शहाडहून कल्याणला येताना आधारवाडी कारागृहाची भिंत लागते. अशा भिंतींआड भोगायच्या शिक्षेला आपल्याकडे 'सक्तमजुरी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात याच सक्तमजुरीतून श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी गालिचे विणले गेले, आणि त्यांतले काही आपल्या पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात. आजचा धागा त्यांच्याविषयी.

आधी थोडे गणित. सतरंजी नुसती विणली जाते. गालिच्यात मात्र गाठी मारतात. उभ्या ताण्यावर लोकरीची एकेक गाठ घ्यायची, ओळ पुरी झाली की आडवा बाणा ठोकून बसवायचा, मग कात्रीने लव सारखी करायची. दर चौरस इंचाला १०० गाठी धरल्या तर १४ फूट लांब आणि १० फूट रुंद गालिच्यात २० लाखांहून अधिक गाठी होतात. सरावलेला हात दिवसाला सहा-सात हजार गाठी मारतो असे मानले, तरी एका माणसाचे जवळजवळ वर्ष त्यात जाते. गालिचा महाग असतो तो मुख्यतः या वर्षामुळे.

आता हे वर्ष स्वस्तात मिळाले तर?

१८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर हिंदुस्थानी गालिच्यांना युरोपात मोठी मागणी आली. विणकर थोडे, गिऱ्हाईक फार. तुरुंगांत मात्र माणसे होती, आणि त्यांना मजुरी मागण्याची सोय नव्हती. लाहोर, आग्रा आणि १८७१ साली उभे राहिलेले येरवडा ही या धंद्यातली ठळक नावे. दीर्घ मुदतीचा कैदी कारखान्याच्या विशेष सोयीचा, कारण शिकवलेला हात लवकर सुटून जात नसे! ही माझी टिप्पणी. पण हिशेब दुसरा काय सांगतो?

या व्यवस्थेवर तुटून पडलेला माणूस जन्माने बेळगावचा होता. जॉर्ज बर्डवुड, जन्म १८३२. पुढे तो मुंबईत डॉक्टर म्हणून रमला, तिथल्या सरकारी संग्रहालयाचेही त्याने काम पाहिले. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानी कलाकौशल्यावरील ग्रंथात त्याने तुरुंगातील गालिच्यांना कठोर शब्दांत झोडपले. तुरुंगाच्या स्वस्ताईपुढे पिढीजात विणकर टिकणार नाही आणि घाऊक मालापायी जुनी नक्षी व जुने रंगही बिघडतील, असा त्याचा दावा. १८५६ नंतर बाजारात आलेल्या कृत्रिम रंगांनी मंजिष्ठा आणि निळीची जागा घ्यायला सुरुवात केलीच होती. बर्डवुडचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. त्याला चिंता होती ती मुख्यतः कलेची.

शिवाय येरवड्याने त्याचे भाकीत थोडे अवघड करून ठेवले. विजापूरच्या आसार महालात आदिलशाहीच्या काळातले जुने गालिचे जपलेले होते. हा महाल मुहम्मद आदिलशहाचा, म्हणजे ज्याच्या चाकरीत शहाजीराजे होते त्याच दरबारचा. येरवड्याच्या मागांवर या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्या गेल्या आणि त्यांना जाणकारांमध्ये नाव मिळाले. जी नक्षी तुरुंगामुळे बुडेल असे वाटत होते, तिची एक शाखा तुरुंगातच उतरवून घेतली गेली. दख्खनच्या कलेचा इतिहास लिहिताना ही अडचण टाळता येत नाही.

या धंद्याचा सर्वांत मोठा नमुना आग्र्याचा. व्हिक्टोरिया राणीसाठी तिथल्या कैद्यांनी विणलेला सुमारे ८० फूट लांब आणि ४० फूट रुंद गालिचा विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात अंथरला गेला. १९९२ च्या आगीत तो गुंडाळून बाहेर काढायला ५० सैनिक लागले, असे सांगतात. विणणाऱ्यांची ओळख मात्र 'आग्रा तुरुंगातील कैदी' एवढीच.

अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात परदेशी कैद्यांनी बनवलेल्या मालाला दार बंद केले. त्यामागे स्वतःच्या कारखानदारांचे आणि कामगारांचे हित होते. कैद्यालाही कामाचे न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले ते १९९८ साली.

पुढच्या वेळी संग्रहालयात किंवा लिलावाच्या यादीत 'जेल कार्पेट' अशी पाटी दिसली, तर गालिच्याची मागची बाजू पाहायला मिळते का ते विचारा. गाठी तिथेच मोजता येतात.