मोटारीचें पुढचें चाक आणि तिरपे रूळ

जुन्या मोटारी हौसेनें जतन करणाऱ्या गृहस्थांवर हा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. गाडी चालूं असतां पुढच्या चाकांतून घरघर ऐकूं येते, चाक किंचित् डुलतें आणि मिस्त्री सांगतो कीं, बेअरिंग बदललें पाहिजे. हें काम म्हणजे झिजलेला भाग काढून नवा बसविणें, एवढेंच नव्हे. त्या भागाला आजचा आकार कां आला, हें ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून तें अधिक नीट होतें. म्हणून त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगतों.

बैलगाडीचें चाक आंसावर घांसत फिरतें. मध्यें वंगण असलें तरी कांहीं शक्ति त्या घांसण्यांत जातेच आणि आंसही झिजतो. घांसण्यापेक्षां घरंगळण्यास श्रम कमी लागतात, हें मनुष्याला फार पूर्वींपासून माहीत होतें. ही युक्ति गाडीच्या आंसावर बसविण्याचें पेटंट १७९४ सालीं वेल्समधील कार्मार्दन गांवच्या फिलिप व्हॉन नांवाच्या लोखंडाच्या कारखानदारानें मिळविलें. आंस आणि चाक यांच्यामध्यें खोबण करून तींत त्यानें गोळ्या घातल्या.

परंतु अशा गोळ्या तंतोतंत एकसारख्या हव्यात. एखादी गोळी केसभर मोठी असली, तर तिच्यावर अधिक भार पडतो आणि तीच प्रथम फुटते. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यानें १८६९ सालीं सायकलीसाठीं गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पॅरिस ते रूआं ही सुमारें १२३ किलोमीटरांची शर्यत जेम्स मूर यानें तसल्या सायकलीवर जिंकली. पुढें १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीड्रिश फिशर यानें पोलादी गोळ्या एकाच मापाच्या व पुऱ्या गोल करणारें यंत्र तयार केलें, आणि गोळ्या मोठ्या प्रमाणावर निघूं लागल्या.

तरीही एक अडचण उरलीच. चाकावर दोन प्रकारचे भार येतात. गाडीचें वजन वरून दाबतें, आणि गाडी वळतांना बाजूनें रेटा बसतो. गोळी दोन्ही थोडेफार सोसते. पण तिचा स्पर्श बिंदूएवढाच, त्यामुळें जड गाडीखालीं ती लवकर झिजते. सरळ रुळाचा स्पर्श रेषेइतका लांब, म्हणून तो वजन अधिक पेलतो. मात्र बाजूच्या रेट्यापुढें त्याचा उपाय चालत नाहीं. सेंट लुईस शहरीं घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन या मूळच्या जर्मन गृहस्थानें रूळ निमुळते केले व तिरपे बसविले. त्याचें पेटंट १८९८ सालचें. या रुळांच्या बाजू कल्पनेनें पुढें वाढविल्या, तर त्या सर्व आंसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूंत मिळतात. त्यामुळें रूळ न घसरतां घरंगळतात आणि दोन्ही भार पेलतात. १९०१ सालीं त्याचा कारखाना ओहायो संस्थानांतील कँटन येथें गेला, आणि घोडागाडीसाठीं निघालेली ही वस्तु मोटारींत शिरली. फोर्डच्या १९०८ सालीं निघालेल्या टी मॉडेलच्या पुढच्या चाकांत आरंभीं गोळ्याच होत्या. पुढें त्यांची जागा या रुळांनीं घेतली.

एक तिरपें बेअरिंग एकाच बाजूचा रेटा सोसतें. म्हणून चाकांत तीं दोन असतात व समोरासमोर बसवितात. आंतलें मोठें, बाहेरचें लहान. मिस्त्रीचे नियम यांतूनच निघतात. तुंब्यांत घट्ट ठोकलेलें कडें जुनेंच ठेवून नुसते रूळ नवे घातले, तर कड्यावरचे खळगे नव्या रुळांचा लवकरच नाश करतात. म्हणून कडें व रूळ एकत्रच बदलावेत. ग्रीस तळहातावर घेऊन रुळांच्या फटींत आरपार दाबावें. वाळूचा कणही आंत जाऊं देऊं नये. नट आवळतांना चाक फिरवीत राहावें, म्हणजे रूळ जागीं बसतात. मग नट किंचित् सैल करून नवी पिन घालावी. चालतां चालतां धातु तापून फुगतो, त्यासाठीं ही मोकळीक ठेवावयाची. ती नसली तर रूळ जळतात व चाक अडकतें. फार झाली तर चाक डुलूं लागतें. तिचें माप त्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. बहुधा ती हाताला जेमतेम जाणवण्याइतकीच असते.

आजच्या बहुतेक नव्या मोटारींत ही जुळवणी कारखान्यांतच उरकलेली असते. बेअरिंग बंद डब्यासारखें येतें व तसेंच बदलतात. त्यामुळें नट किती आवळावा हें ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांनीं चाक उघडलें जात असतां मुलांना जवळ उभें करावें, आणि ती मोकळीक त्यांच्या हातालाही एकदां जाणवूं द्यावी.