न्यूयॉर्कचा शिक्षकसंप

संप म्हटला की एका बाजूला मालक व दुसऱ्या बाजूला कामगार, असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. न्यूयॉर्कच्या १९६८ सालच्या शिक्षकसंपात मात्र शिक्षकांसमोर उभे होते ते गरीब मुलांचे आईबाप.

ब्रुकलिनमधील ओशन हिल-ब्राउन्सव्हिल ही वस्ती मुख्यत्वे कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन लोकांची. शिक्षक बहुतेक गोरे, त्यांत ज्यू पुष्कळ. मुले अभ्यासात मागे पडत आणि शाळांचा कारभार दूरच्या कचेरीतून चाले. म्हणून १९६७ साली प्रयोगादाखल स्थानिक मंडळ निवडण्यात आले. मे १९६८ मध्ये मंडळाने १३ शिक्षक व ६ अधिकारी आपल्या शाळांतून काढून मध्यवर्ती कचेरीकडे धाडले. मंडळ म्हणे, ही बदली. संघटना म्हणे, ही चौकशीवाचून बडतर्फी. आल्बर्ट शँकर यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर ते नोव्हेंबर तीनदा संप झाला. एकंदर ३६ दिवस शहरातील सुमारे दहा लाख मुलांचे शिक्षण अडले. कृष्णवर्णीय कामगारांचे वृद्ध पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी संघटनेची बाजू घेतली.

शिक्षक परतले, पण मने तुटली. १९६९ च्या कायद्याने शहरभर निर्वाचित मंडळे आली. २००२ मध्ये सूत्रे महापौरांकडे गेली.

चौकशीवाचून कोणाची भाकरी हिरावणे मला, एका कामगार कार्यकर्त्याला, कधीही मान्य होणार नाही. पण मुलाला वाचता येत नाही म्हणून दारात आलेल्या आईला आपण काय उत्तर देणार? तिच्याशी संघटनेने आधीच बोलावयास हवे होते. संपाच्या दिवशी ते फार उशिराचे होते.